संत्र्याच्या वासाखाली

पलूसच्या पल्याड, कृष्णाकाठच्या बाभळवनात चंद्राबाईची दारूची भट्टी होती. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. नवऱ्यामागं तिनं गुळाची दारू गाळायला घेतली आणि तिला वास लावायचं कसब आपलं आपण कमावलं. कुणाला बडीशेपेची लागे, कुणाला वेलदोड्याची, लग्नघरांना संत्र्याच्या सालीची. रहिमतपूरपासून सांगलीपर्यंत गिऱ्हाईक एकच विचारायचं, "चंद्राबाईनं चाखलीय न्हवं?"

माल पोचवायचं काम दादासोचं. अंगानं रेडा, हातात कायम काठी. एका सकाळी तो स्वतःच बनवलेल्या दारूचे डबे घेऊन आला. गाडी हाकायला गुंडा होता, लष्करातून नुकताच सुटून आलेला पोरगेला गडी.

"लग्नाचा माल हाय. चाख, आन् चांगली हाय म्हण," दादासो म्हणाला.

चंद्राबाईनं तळहातावर थेंब घेतले, चोळले, हुंगले. संत्र्याचा वास भसकन आला. ती थांबली. वास आधी उडतो, मागं उरते ती खरी दारू, हे तिला ठाऊक होतं. तिनं पुन्हा हुंगलं. मग वाटीत थोडं पाणी मिसळून जिभेला लावलं आणि लगेच थुंकली. सालीचा कडवटपणा कुठंच नव्हता. जिभेवर सुताराच्या पॉलिशचा उग्र दर्प बसला होता.

"पालिशचं इस्पिरिट हाय ह्यात. मानसं आंधळी हुतील, मरतील."

"तुला म्हणायला काय जातंय?"

"माज्या नावावर ही जायाची न्हाई."

दादासोनं तिचे केस धरले आणि तोंड चुलीच्या दगडावर आदळलं. दोन दात तुटले. रक्त गिळत ती उठली, जवळचा वरवंटा उचलला आणि पहिला डबा फोडला. दादासोची काठी तिच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज गुंडानंही ऐकला. तिनं दुसरा डबा लाथेनं आडवा केला. मग काठी पाठीवर पडतच राहिली.

"आक्का," गुंडा मधेच म्हणाला, "ह्यो धूर कसला गं? कवापासनं समदं पांढरं दिसतंय."

धूर नव्हता. भट्टी विझलेली होती.

"काल ही प्यालास व्हय रं?" जमिनीवरूनच तिनं विचारलं.

"दादासोनं दिली. बघ म्हनला कशी झालीया."

दादासोची काठी थांबली. दादासोनं ही दारू आधी आपल्यावर करून बघितली, हे गुंडाला कळलं. त्यानं चाचपत गाडीतली कुऱ्हाड ओढली आणि पावलांच्या आवाजाच्या रोखानं घातली. पहिला घाव बाभळीत रुतला. दुसरा दादासोच्या मांडीत शिरला. तो बोंबलत कोसळला. गुंडा अंदाजानं घाव घालतच राहिला. चंद्राबाई सरपटत गेली आणि तिनं त्याचे पाय मिठीत धरले.

"बास कर गड्या. मेला त्यो."

मोडका हात पदरात बांधून तिनं बैल जुंपले आणि गुंडाला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तो दोनदा ओकला. गाव आलं की विचारायचा, "दिवस मावळला का गं?" ऊन डोक्यावर होतं. ती म्हणाली, "व्हय रं, मावळला."

जीव वाचला, डोळे गेले. शिपाई आले तेव्हा चंद्राबाईनं काही लपवलं नाही. गुंडाला सजा झाली, तिलाही भट्टीपायी थोडी झाली. ती सुटल्यावर लोक पुन्हा भट्टी लाव म्हणून आले. तिनं त्यांना दारातूनच परत लावलं. गुंडा सुटला त्या दिवशी तुरुंगाच्या फाटकाशी ती उभी होती. त्यानं वाकड्या जडलेल्या मनगटावरून तिला ओळखलं आणि तिचा हात धरून चालायला लागला.