चहाआधीचं भाषण

मित्रांनो, ज्याच्यामागे उभं राहून पाहुणे भाषण करतात, ते उंच लाकडी टेबल तुम्ही पाहिलं असेल. त्याला डायस म्हणतात. दारव्ह्याच्या एका कॉलेजात, कला शाखेच्या सभागृहात उभा असलेला तसाच एक म्हातारा डायस मी आहे.

माझं लाकूड इथल्याच जंगलातलं सागवान. सुतारबुवांनी मला मनापासून घडवलं, पण माप घेतलं ते पहिल्या प्राचार्यांचं, आणि ते होते ताडासारखे उंच. त्यामुळे पुढे कितीतरी थोर वक्ते माझ्यामागे उभे राहिले, तरी श्रोत्यांना त्यांचा फक्त भांगच दिसला. शेवटी आमचे शिपाई धरमसिंगभाऊ यांनी पायाखाली ठेवायला एक चौरंग आणून दिला, तेव्हा कुठे वक्त्यांची तोंडं दिसू लागली.

माझे दिवस फार चांगले गेले. आत्मा आहे की नाही, राज्यं का बुडतात, माणसं जात्यावर का गातात, असं सगळं मी ऐकलं. गावातही मला मान होता. लग्नाचं स्वागत असो की शोकसभा, मला उचलून नेत. एकदा तर धावपळीत शोकसभेचा हार तसाच राहिला आणि मी संध्याकाळी त्याच हारानिशी साखरपुड्याला उभा राहिलो. ईश्वरकृपेने तो संसार सुखाचा झाला. खंडेनवमीला धरमसिंगभाऊ मला न विसरता हळदकुंकू लावतात.

माझाही एक नेम आहे. माझ्यावर हात ठेवून जो बोलेल, त्याचं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घ्यायचं. मध्येच कुरकुरायचं नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा हा नेम पाळणं जड जातं, पण आजवर मोडला नाही.

पुढे पलीकडच्या इमारतीत विज्ञान शाखेला काचेचा डायस आला. त्याच्या पोटात निळा दिवा लागतो. आमच्याकडची मुलं कमी होत गेली. लोक म्हणू लागले, बीए करून काय मिळतं? मी ऐकून घेत होतो. नेमच तसा.

आता आमच्या वादविवाद स्पर्धेची रीत सांगितली तर तुम्ही हसाल. चिठ्ठीत जी बाजू निघेल ती चहाआधी मांडायची, आणि चहानंतर त्याच मुलानं तितक्याच मनापासून उलट बाजू मांडायची. दोन्ही मिळून एक भाषण.

यंदाचा विषय होता, ‘आजच्या काळात कला शाखेची गरज उरलेली नाही.’ बीएच्या दुसऱ्या वर्षातल्या अपेक्षाला चिठ्ठीत ‘गरज नाही’ हीच बाजू आली. त्या दिवशी बाजारासाठी आलेले तिचे बाबा विठ्ठलराव मांडीवर वांग्यांची पिशवी घेऊन मागच्या खुर्चीवर बसले होते. कापूस-तुरीचे कास्तकार. मुलीनं फार्मसी करावी हा त्यांचा हट्ट, इतिहास शिकायचा हा तिचा. दोन वर्षं घरात हेच चाललं होतं.

अपेक्षा चौरंगावर चढली आणि म्हणाली, “तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी तीन वर्षं ‘मी कोण’ असं विचारतो. मग मुलाखतीला जातो. तिथं साहेब विचारतात, ‘आपण कोण?’ आणि त्याला तेवढंच सांगता येत नाही.”

सभागृह हसलं. विठ्ठलरावांनी तर वांगी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्याला सांगितलं, “पोरगी माही हाय.”

चहाची सुट्टी झाली तसे ते उठले. धरमसिंगभाऊ दारातच म्हणाले, “भाऊ, चहा तं घ्या. अर्धं अजून बाकी हाय.”

“चहा घरी घेतो. जीप भरून राह्यली,” म्हणत विठ्ठलराव गेलेसुद्धा. रीत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. चहानंतर अपेक्षा कला शाखेच्या बाजूनं बोलली, पहिल्याहून सुंदर बोलली, पण तेव्हा तिचे बाबा जीपमध्ये वांगी सांभाळत होते.

दुसऱ्या दिवशी सभागृह धुवायला काढलं होतं, म्हणून मी व्हरांड्यात होतो. विठ्ठलराव आले ते थेट इतिहासाच्या वर्षा मॅडमसमोर. मागे रडवेली अपेक्षा.

“मॅडम, पोरीचा दाखला काढून द्या. फार्मसीवाल्याशी बोलून आलो मी.”

“काय झालं, विठ्ठलराव?”

“मी दोन वर्सं बोंबलून राह्यलो, तं आयकत नव्हती. आता सोताच बोलली, ते बी माइकवर. येवढं चांगलं तं मले बी सांगता आलं नसतं.”

“बाबा, ते चहाआधीचं होतं,” अपेक्षा म्हणाली.

“काहून, खरं बोलाले चहा लागते काय?”

धरमसिंगभाऊंनी हसू दाबायला खांद्यावरचा दुपट्टा तोंडात धरला. मॅडमनी शांतपणे सगळी रीत समजावून सांगितली. विठ्ठलरावांच्या कपाळावर आठी पडली.

“म्हंजे पोरगी खोटं बोलली?”

“खोटं कायले बोलू?” अपेक्षा म्हणाली. “तुमचंच म्हननं होतं ते. तुम्ही जेवताना रोज बोलता, तेच म्या नीट लावून दिलं.”

विठ्ठलरावांनी मान डोलावली. “तरीच मले समदं पटून राह्यलं होतं.”

“आता माही बाजू आयका.”

“नाही आयकत. तुह्या तोंडाचा भरोसा नाही. तू मले तिकडून बी पटवशीन. मंग मी कोनाचा?”

तेव्हा वर्षा मॅडम माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “मग तिनं बोलूच नये. तुम्ही बोला, तिच्या बाजूनं. मनापासून बोलून पाहा. नाही जमलं, तर दाखला आत्ता लिहून देते.”

अपेक्षाचा चेहरा पांढराफटक पडला. विठ्ठलराव मात्र खूश झाले. न जमण्यात त्यांना काही अडचण दिसेना. ते चौरंगावर चढले, दोन्ही हातांनी मला धरलं आणि मला कळलं, या माणसाचे तळहात घामेजले आहेत.

“आदरनीय मॅडम, धरमसिंगभाऊ,” ते म्हणाले आणि अडकले. “माही पोरगी इथं शिकते. काहून शिकते, तं... तिले आवडते.” पुन्हा अडकले. मॅडम थांबून राहिल्या.

“माहं आन् माह्या भावाचं, श्रावनचं, बांधावरून वाजलं होतं. बोलनं बंद. ही पोरगी एक दिवस जेवताना म्हने, काकाचं म्हननं मी सांगते. आन् सांगतलं बी, श्रावनलेही सांगता आलं नसतं असं. मी ताटावरून उठलो. रागानं वावरात गेलो. तं तिथं बी श्रावनचंच बोलनं कानात. तन निंदता निंदता मले वाटलं, त्याचं काही खोटं नाही. मंग मीच गेलो त्याच्या घरी.” त्यांनी माझी कड घट्ट धरली. “या दुखन्याची गोळी फार्मसीत भेटत नाही, मॅडम. म्या इचारलं असतं तरी भेटली नसती.”

मग अपेक्षा हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही तं सांगतलं होतं, काका सोताहून आले म्हनून.”

विठ्ठलरावांनी कान खाजवला. “सांगतलं असन. तवा मी घरी बोललो होतो. इथं उभं राह्यलं की मानूस फसते.”

ते चौरंगावरून उतरले आणि मॅडमना म्हणाले, “दाखला राहू द्या. फार्मसीवाल्याले मी सांगून देतो.” मग मुलीकडे न बघता पुटपुटले, “पन श्रावनले हे सांगू नको. त्याच्या घरी म्या, इकडून जात होतो म्हनून आलो, असं सांगतलं हाय.”

मित्रांनो, एवढंच सांगायचं होतं. मला ओलं फडकं मारू नका, कोरडं पुरतं. माझ्या अंगावर कंपासनं नावं कोरू नका. आणि घरी आईबाबांशी कशावरून वाजलंच, तर आधी त्यांची बाजू तुम्ही मांडा, मग तुमची त्यांना मांडू द्या. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहिलात तरी चालेल. जो बोलत असेल त्याला मात्र मध्येच थांबवू नका. बहुतेक माणसांना आपल्या मनात काय आहे, हे बोलता बोलताच कळतं.