समोरचा उतार

लिंबाएवढा बर्फाचा गोळा खडकाखालून सुटला, घरंगळत कोबीच्या गड्ड्याएवढा झाला आणि उताराच्या मध्यावर थांबला. मग दुसरा. निवाऱ्याच्या पायरीवर एकटाच बसलेला गेबहार्ड बघत राहिला. साडेदहा होत आले होते, ऊन थेट उतारावर.

सकाळी सहाला त्याने काठी खुपसली तेव्हाच ती मुठीपर्यंत आत गेली होती. रात्रभर ढग, त्यामुळे बर्फ गोठलाच नव्हता. वर बोटाने मोडणारी पापडी आणि खाली जमिनीपर्यंत ओला रवा... ऊन लागलं की असा उतार सुटतो, हिमलोट होऊन कोसळतो, असं त्याने वेंडेलिनला सांगितलं. बावीस वर्षं दोघे वाटाडे एका दोराला बांधून हिंडलेले. वेंडेलिनने म्युनिकहून आलेल्या आपल्या दोन पाहुण्यांसमोरच विचारलं,

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास ना, गेब?"

"हो."

"मग काय झालं?"

काहीच झालं नव्हतं. गेल्या एप्रिलात याच उताराखालून गेबहार्डने सहा माणसं परत फिरवली, आणि त्याच सकाळी वेंडेलिन आपली माणसं घेऊन वर जाऊन मजेत उतरला. खोऱ्यात कोणी गेबहार्डला बोललं नाही. फक्त हिवाळाभर गिऱ्हाइकांचे फोन येईनासे झाले. बोलले असते तर उत्तर तरी... पण काय उत्तर? टाळलेला उतार तसाच पांढरा, शांत पडून राहतो. त्याच्याकडे बोट दाखवून काय सांगणार?

आता उताराच्या माथ्यावर, खिंडीत तीन ठिपके दिसले; सांगूनही गेलेला वेंडेलिन पाहुण्यांसह परतत होता. उशीर केला होता त्यांनी. गेबहार्डने पाठपिशवीतून फावडं काढलं, दांडा बसवला, गाडलेल्या माणसाचा माग काढणारं यंत्र शोधावर लावलं — हात आपापलं काम करत होते. स्कीवरून चार मिनिटांत तिथे पोचता येईल. वेंडेलिन पुढे, पाहुणे अंतर ठेवून मागे. तिसरा गोळा सुटला. चौथा, पाचवा...

सुट.

कोण म्हणालं उताराला? मी? — एकदाच सुट, म्हणजे सगळ्यांना कळेल... ते खाली पोचल्यावर, अर्थातच ते पोचल्यावर — पण हे मी नंतर जोडलं. आधी नुसतं 'सुट' होतं, आणि वेंडेलिन तेव्हा बरोबर मध्यावर होता.

उतार सुटला नाही. तिघे खाली आले, पाहुणे हसत सूप प्यायला आत गेले. वेंडेलिन मात्र फावडं बघून थांबला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझ्यासाठी जोडलंस?"

गेबहार्डने होकारार्थी मान हलवली.

"वरून दिसत होतास," वेंडेलिन हळू आवाजात म्हणाला, आतल्यांना ऐकू जाऊ नये असा. "मधे पायाखाली सगळं खचल्यासारखं झालं रे. परत फिरायचीही सोय नव्हती. तुझं बरोबर होतं... खाली तू बघतोयस म्हणून धीर आला." आणि त्याने गेबहार्डच्या खांद्यावर हात ठेवला.

वर्षभर हेच ऐकायचं होतं. गेबहार्डला खांदा काढून घ्यावासा वाटला. तो काढला नाही. असलं काही मनात आलं की आजवर तो एकाच माणसाला सांगत आला होता, आणि त्या माणसाचा ओला, जड हात अजून खांद्यावरच होता.