फर्नडेल बंगल्याची झडी

एकनाथरावांनी गवताची एक पेंढी दोन बोटांनी उचलून पाहिली. पेंढी उलटी बांधली होती. शेंडा वर, बुडखा खाली. एकच नव्हे, बांबूच्या चौकटीवरच्या चारही ओळी तशाच. वरून खाली बांधत आल्यामुळे प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीच्या आत गेली होती. म्हणजे पाणी ओतलं रे ओतलं की ते सरळ मागच्या भिंतीवर.

चौकटीमागे प्लायवूडची माणूसभर उंच भिंत उभी केली होती आणि तिला पांढराशुभ्र कागद चिकटवला होता. ओल लागली तर पाहुण्यांना लांबूनही दिसावी, ही कल्पना त्यांच्या नातीची, तन्वीची. पोरीचं डोकं चांगलं होतं, पण गवत हातात धरायचं कसं हे तिला सांगायला कुणीच नव्हतं. एक माणूस होता, आणि तो एकोणपन्नास वर्षं मूग गिळून बसला होता.

"अहो, काय बघायलात तिथं? या की बसायला," मालनबाईंनी पहिल्या रांगेतून हाक मारली.

हैदराबादेत, जामबागेतल्या मराठी मंडळाच्या सभागृहात रविवारी सकाळी कधी चाळीसच्या वर डोकी दिसत नाहीत. आज खुर्च्या कमी पडत होत्या. तन्वीच्या आर्किटेक्चर कॉलेजची मुलं माथेरान, पाचगणी, महाबळेश्वर करून आली होती. इंग्रजांच्या काळातली चर्चं, गिरिस्थानावरचे बंगले, लाल जांभ्याच्या भिंती, धुराडी, चारी बाजूंनी पळणारे व्हरांडे, सगळ्यांचे फोटो भिंतीवर लागले होते. मधोमध सगळ्यांत मोठा फोटो होता फर्नडेल बंगल्याचा. खाली तन्वीनं वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलं होतं, 'हा बंगला माझ्या आजोबांच्या घरचा'.

त्या पाटीकडे एकनाथरावांनी सकाळपासून एकदाही धड पाहिलं नव्हतं.

खरं तर ते खोटं कधी बोललेच नव्हते. बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी हैदराबादला आले, पंचविसाव्या वर्षी गौलीगुड्यात कापडाचे व्यापारी भगवंतराव यांच्या बैठकीत मुलगी बघायला जाऊन बसले. भगवंतरावांनी विचारलं, "राहणं कुठं?" ते म्हणाले, "महाबळेश्वरला, फर्नडेल बंगल्यात." भगवंतरावांच्या भुवया वर गेल्या, आतून लगेच दुसऱ्यांदा चहा आला. बंगला कुणाचा, हे त्या भल्या माणसानं विचारलं नाही. यांनी सांगितलं नाही. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहणारे अंबाजी हे त्या बंगल्याचे राखणदार, आणि आपण त्यांचा मुलगा, एवढंच तर सांगायचं होतं. आईवडील तोवर वारले होते, त्यामुळे ते सांगायला दुसरं कुणी नव्हतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते काही उगाच नाही. पुढं मुलं महाबळेश्वरला चला म्हणायला लागली तेव्हा "तो विकला आता, काय बघायचं" एवढ्या एका वाक्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं.

मालनबाईंनी मात्र तो बंगला कधी विकला नाही. प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक लग्नात तो निघायचाच. विशेषतः धाकटी बहीण रेणू समोर असली की. रेणूचं सासर बंजारा हिल्समधल्या मोठ्या बंगल्यात, त्यामुळे मालनबाईंना एक बंगला जवळ असणं फार गरजेचं होतं. आजही दोघी बहिणी शेजारी बसल्या होत्या.

एकनाथराव तन्वीला गाठायला गेले. ती लॅपटॉपच्या वायरीशी झटत होती.

"तन्वी, ते गवत उलटं लागलंय बाळा."

"आजोबा, मॅडमनी ओके केलंय ना. व्हिडिओत असंच होतं," ती वायर न सोडता म्हणाली. "टेन्शन नका घेऊ. तुम्ही फक्त शाल घ्यायला स्टेजवर या, बस्स."

"शाल?"

"सरप्राइज होतं. अय्यो, सांगून टाकलं."

ते परत येऊन खुर्चीवर बसले. मालनबाईंनी नवी नारायणपेठी नेसली होती आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की एकनाथरावांना तिकडे बघवेना.

कार्यक्रम सुरू झाला. तन्वी बोलत होती ते ऐकून त्यांचा ऊर भरून आला. अर्धी इंग्रजी, थोडी तेलुगू आणि उरलेली मराठी, पण काय तो ठसका. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की कडक होतो, हे तिनं सांगितलं. डोंगराच्या कडेला घर बांधताना पायऱ्यापायऱ्यांनी जोतं कसं उतरवलं, तेही सांगितलं. आपल्या रक्ताची पोर आपल्या डोंगराबद्दल एवढ्या लोकांपुढं बोलते आहे, या आनंदात ते क्षणभर शालही विसरले आणि मूठही.

मग शाल आली. तन्वीच्या प्राध्यापिका चारुलता मॅडम मूळच्या पुण्याच्या. त्यांनी एकनाथरावांच्या खांद्यावर शाल घातली आणि माइकमध्ये म्हणाल्या, "असे वारसे जपणारी घराणी आता विरळ होत चालली आहेत." टाळ्या झाल्या. रेणूनंसुद्धा वाजवल्या. एकनाथरावांनी हात जोडले आणि मान जी खाली घातली ती वर केलीच नाही. लोकांना तो विनय वाटला.

"आता शेवटचं," तन्वी म्हणाली. "तिथं वर्षाला अडीचशे इंच पाऊस पडतो. जांभा पाणी पितो. म्हणून पावसाळ्याआधी अख्ख्या बंगल्याला गवताची झडी बांधायचे, घराला रेनकोट घातल्यासारखी. आम्ही तशी एक बांधलीये. बघू या, वर्क होते का. नाही झाली तर समजायचं की पुढं लोकांनी गवत सोडून भिंतींना पत्रे लावले ते बरोबर केलं."

लोक हसले. तिनं झारी उचलली.

नाही झाली तर. एकनाथरावांच्या कानशिलात ते शब्द ठणकले. अंबाजींची झडी, आणि ती चालत नव्हती असं इथं दीडशे माणसं ठरवून घरी जाणार. आठव्या वर्षापासून त्यांनी बापाच्या हाताखाली पेंढ्या बांधल्या होत्या. अख्खा मे महिना हाताला गवताचे काप असायचे, मीठ लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. आणि जुलैच्या ऐन माऱ्यात अंबाजी बंगल्यात शिरून भिंतीला पंजा लावायचे, कोरडा हात पोराला दाखवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. त्या माणसाला दुसरी बढाई ठाऊकच नव्हती.

"थांब," एकनाथराव म्हणाले.

माइक नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तन्वीची झारी हवेत राहिली. ते उठले, शाल काढून खुर्चीवर ठेवली, बाह्या सारल्या आणि बांबूची चौकट भिंतीपासून हातभर पुढं ओढली.

"हे सोडावं लागेल. सगळं."

"आजोबा, आत्ता? लोक बसलेत."

"बसू देत. चहा दे त्यांना."

पहिली गाठ त्यांनी दातानं सोडवली. गवत खाली पडत गेलं. मग जमिनीवर उकिडवे बसून त्यांनी तळातून सुरुवात केली. मूठभर गवत, झटका देऊन सारखं केलेलं, बुडखा वर, शेंडा खाली, वरून कांबट म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, आणि सुंभाचा फेर. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बोटं, सकाळी शर्टाच्या गुंड्यांना कुरकुरणारी, आता बघता बघता पळायला लागली. दुसरी ओळ पहिलीवर वीतभर चढवली. चहा आला तसा लोकांनी कप घेतले आणि खुर्च्या पुढं ओढल्या.

चारुलता मॅडम शेजारी येऊन वाकून बघत होत्या. त्यांनी न विचारताच वही काढली होती.

"खालून वर," त्या पुटपुटल्या. "कौलांसारखं. आमचं चुकलंच की. आणि गाठ आत का मारता?"

"बाहेर मारली तर सुंभ महिन्यात कुजतं. पश्चिमेच्या भिंतीला हेच दुहेरी करायचं. पाऊस तिकडून झोडपतो. दसरा झाला की उतरवायचं."

"कमाल आहे हो. मालक लोक स्वतः इतकं बारकाईनं लक्ष घालायचे?"

एकनाथरावांचा हात थांबला. आता नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. माइक तन्वीच्या हातात होता, ती तो कौतुकानं त्यांच्या तोंडापुढं धरून उभी होती. त्यांनी मालनबाईंकडे पाहिलं. नारायणपेठीचा पदर, वर केलेली मान, शेजारी रेणू.

"मालकांनी तिथला पाऊस कधी बघितला नाही, ताई," ते म्हणाले. "साहेब असोत की नंतरचे मुंबईचे शेठ. एप्रिलात यायचे, जून लागायच्या आत खाली उतरायचे. पावसाळ्यात बंगल्यावर आम्ही असायचो. माझे वडील अंबाजी, राखणदार होते तिथले. मागच्या खोल्यांत राहायचो. झडी आम्ही बांधायचो."

सभागृहात कप खाली ठेवल्याचे आवाज तेवढे आले. तन्वीनं माइक हळूच बाजूला घेतला. तिनं त्या मोठ्या फोटोखालच्या आपल्या अक्षरांकडे पाहिलं आणि मग आजोबांच्या हातांकडे, आणि तिथंच बघत राहिली.

एकनाथरावांनी तिसऱ्या ओळीचं गवत उचललं. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. लाज वाटत होती, आणि फार दिवसांनी पाठीवरची गोणी उतरावी तसं हलकंही वाटत होतं. मात्र पहिल्या रांगेकडे वळून बघायची छाती होत नव्हती.

रेणूचा आवाज तेवढ्यात आलाच. हळू होता, पण ऐकू जाईल इतपत.

"म्हणजे अक्का, बंगला तुमचा नव्हताच म्हण की."

 मालनबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"पावसात कोण राहायचं तिथं?" त्या म्हणाल्या. "ऐकलं नाहीस का तू?"

त्या चौकटीपर्यंत आल्या, पदर कमरेला खोचला आणि चौकट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. आता गवताच्या पलीकडून त्यांचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता.

"सुंभ द्या इकडं. एकट्यानं किती ओढणार."

हे काम दोघांचंच असतं. एकनाथरावांची आई अशीच आत उभी राहायची, बाहेरून आलेलं टोक धरून ताणायची आणि परत बाहेर द्यायची. हे मालनबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, कामच तसं होतं. एकनाथरावांनी टोक आत सारलं. पलीकडून ते घट्ट ओढलं गेलं, जरा जास्तच घट्ट.

"एवढ्या वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं," गवतातून आवाज आला.

"तू सगळ्यांना बंगल्याचं सांगायचीस."

"मला जे ठाऊक तेच सांगणार ना मी. हे ठाऊक असतं तर हे सांगितलं असतं." टोक परत बाहेर आलं. "सासरे पावसात तिथं राहून घर राखायचे, हे सांगायला मला काय लाज होती? खामखा शेठाच्या घराची तारीफ करत बसले मी."

 एकनाथरावांनी पुढची पेंढी झटकून सारखी केली आणि टोक आत दिलं. शेवटची ओळ दोघांनी मिळून बांधली.

चौकट पुन्हा भिंतीला टेकवली. गवत आता एका बाजूला नीट पडलं होतं, विंचरलेल्या केसांसारखं. तन्वीनं झारी भरून आणली. तिनं आजोबांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि तिनं वरून पाणी सोडलं. एक झारी झाली, दुसरी झाली. पाणी शेंड्यावरून शेंड्यावर उतरत खालच्या परातीत पडत होतं. तिसऱ्या झारीनंतर मॅडमनीच पुरे म्हटलं.

चौकट बाजूला झाली. एकनाथराव पुढं झाले आणि त्यांनी पांढऱ्या कागदावर पंजा टेकवला. काढला, पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तो हात त्यांनी तन्वीला दाखवला. तन्वीनं स्वतःचा हात भिंतीला लावून बघितला आणि तिचे डोळे भरून आले. टाळ्यांना मागच्या रांगेतून सुरुवात झाली.

मालनबाईंच्या नारायणपेठीला गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. त्या झटकायचं त्यांच्या मनातही आलं नाही. कमरेचा पदर तसाच ठेवून त्या पहिल्या रांगेकडे वळल्या.

"ये गं रेणू," त्या म्हणाल्या. "हात लावून बघ. कोरडी ठक्क आहे."