टाचेची पट्टी आणि तीन पोप

वसईची जी बाई फोनमध्ये ती पुस्तकं वाचते, तिचा आवाज चांगला आहे, पण घाई फार. राजा बर्फात अनवाणी उभा आहे, पोपाच्या दारात माफी मागून राह्यला, आन् ही बाई पुढच्या धड्याला लागली सुद्धा. अगं, थांब ना जरा. त्याचे पाय किती गारठले असतील? घरी गेल्यावर बायको काय म्हणाली असंल? ते सांगायचं सोडून पुढं काय पळते?

पण मी तिला फार बोलत न्हाई. तिच्या आवाजानं मला तीन महिने खाटेवर धरून ठेवलं. हे काम माझ्या नवऱ्याला जन्मात जमलं न्हाई.

माझं नाव आसराबाई. आम्ही हसनाबादचे. आधी मेंढरं होती, आता थोडी शेती आन् दहा-बारा शेरडं. शाळा तिसरीपर्यंत झाली, म्हणून अक्षर मोठं येतं आन् ओळ खाली उतरते. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

झालं असं, की टाचेत काटा मोडला. काट्याचं मी काय कौतुक करणार? पण अंगात शुगर. टाच सुजली, फुटली, आत खड्डा पडला. भोकरदनच्या डॉक्टरनं माझ्या पोराला, रामप्रसादला, बाजूला नेऊन सांगितलं, की जखम वर चढली तर पाय काढावा लागंल. बाजूला नेऊन काय उपयोग? माझे कान शाबूत आहेत.

त्याच दिवसांत जालन्याच्या ख्रिश्चन सिस्टरांची दवाखान्याची गाडी दर मंगळवारी आमच्या बाजूच्या खेड्यांत फिरत होती. त्यातली सिस्टर फिलोमिना आमच्या घरी येऊ लागली. मूळ वसईची. राखाडी साडी, पायात पुरुषी चप्पल, हात असा हलका की पट्टी निघाली तरी समजू नये. तिनं जखम बघितली आन् म्हणाली, "आजी, औषध माझं, पण पाय जमिनीला टेकवायचा नाही. खाटेवरच राहायचं."

"मंग शेरडं कोण बघंल? तुमचा पोप?"

ती हसली. रागावली न्हाई. पुढच्या मंगळवारी आली तर मी गोठ्यात सापडले. दोनदा तसंच झालं. मंग तिनं सुनेला, शालूला, विचारलं, "यांना गाणी, गोष्टी काही ऐकवता येतील का? मन गुंतलं तर बसतील." शालूचा जुना फोन होता. सिस्टर मला म्हणाली, "माझ्याकडे फक्त आमच्या धर्माची पुस्तकं आहेत, आजी. आमच्या वसईची एक बाई वाचते, ते फोनवर ऐकायचं. श्रद्धेचं एक, इतिहासाचं एक, राजकारणाचं एक. तुम्हाला चालत असेल तरच देते. नाहीतर पुढच्या वेळी दुसरं काही शोधून आणते."

मी म्हणाले, "दे. कान बाटत नसतात."

श्रद्धेचं पुस्तक मी आधी ऐकलं. त्यांच्यात माणूस फादरपुढं गुडघे टेकून आपलं पाप सांगतो, आन् फादर ते मरेपर्यंत कोणाला सांगत न्हाई. हे मला लई आवडलं, पण विश्वास बसला न्हाई. आमच्या गावात असा एक माणूस दाखवा, ज्याला सांगितलेलं त्याच्याच पोटात राह्यलं. एक गोष्ट मात्र ऐकून मी शालूला हाक मारली. त्यांच्या मोठ्या धर्मगुरूंच्या खांद्यावर लोकरीची पट्टी असते. कोकरं आशीर्वादाला आणतात, मंग त्यांची लोकर कातरून विणतात. एवढी सोन्याची देवळं, आन् मान कशाला, तर मेंढराच्या लोकरीला! मी आमच्या घोंगडीवर हात फिरवला आन् उगीच ताठ बसले.

राजकारणाचं पुस्तक बाईनं औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं वाचलं. फादरनं निवडणुकीला उभं राहू नये, पण माणसानं मत देताना आपल्या मनाला विचारावं, असं त्यात होतं. बरोबर आहे. आमच्याकडं मनाला विचारायच्या आधी भावकीला विचारतात.

खरं पुस्तक इतिहासाचं. त्यात भांडणं, विष, तुरुंग, सगळं. पृथ्वी फिरते म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याला ह्यांनी घरात कोंडून ठेवलं, आन् आमचं चुकलं म्हणायला शेकडो वर्षं लावली. हे त्यांनी स्वतःच्याच पुस्तकात स्वतःच सांगितलं, म्हणून मला वाचणारीबद्दल मान वाटला. आपल्या घरातलं झाकलेलं आपण उघडून दाखवायचं, ही छाती पाहिजे.

ते पुस्तक संपलं एका मंगळवारी, सिस्टर पट्टी बांधत असतानाच. मी म्हणाले, "शालू, भंडारा आण."

आमच्यात खंडोबाचं जागरण होतं. कथा पुरी झाली की सांगणाराच्या कपाळाला भंडारा लावायचा. हा त्याचा मान. न्हाई लावला तर सांगणाऱ्याचे कष्ट आपल्या अंगावर राहतात, असं माझी सासू म्हणायची. वसईची बाई काय माझ्या हाताला येणार? पुस्तकं आणली सिस्टरनं. मी चिमूटभर घेतला, तिच्या कपाळाला लावला, थोडा फोनवर टाकला. तिच्या राखाडी साडीवर पिवळं पडलं. ती आधी दचकली, मंग हात जोडले. शालूनं कौतुकानं फोटो काढला आन् स्टेटसला टाकला.

झालं. दुसऱ्या दिवशी माझा धाकटा दीर, आबाराव, अंगणात उभा. त्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून.

"वैनी, गावात काय बोलून राह्यले, माहीत आहे का?"

"गाव बोलंल न्हाई तर काय करंल? कामं आहेत का त्याला?"

"म्हणतात, आसराबाई बाटली. फोनची पूजा करते. भंडारा टाकते त्याच्यावर. ती सिस्टर आता या दारात दिसता कामा नये. बिलकुल न्हाई."

"भावजी, दार माझं आहे. तुमचं दार तिकडं. तिथं काय ते दिसू द्या न्हाईतर न्हाई."

तो पाय आपटत गेला. मला वाटलं, विषय मिटला. पण पुढच्या मंगळवारी गाडी आली न्हाई. त्याच्या पुढच्याही न्हाई. शालूनं फोन लावला. सिस्टर हळू आवाजात म्हणाली, की तो फोटो जालन्यातही फिरला. त्यांच्या चर्चमधले लोक त्यांच्या मोठ्या सिस्टरकडं, मदरकडं, गेले, की आमच्या सिस्टरनं दुसऱ्याच्या देवाची खूण कपाळाला लावून घेतली. मदरनं तिला खेड्यांत जायचं बंद केलं.

पट्टी शालू बदलू लागली. बिचारी करायची, पण तिचा हात थरथरायचा आन् मी ओरडायचे. दोन आठवड्यांत जखमेला वास सुटला. रामप्रसाद रात्री जेवेना. मला पायाचं भ्या होतं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त एक टोचत होतं. ज्या पोरीनं माझा पाय मांडीवर घेऊन साफ केला, तिला माझ्या चिमूटभर भंडाऱ्यापायी शिक्षा.

"जीप सांग," मी रामप्रसादला म्हणाले. "जालन्याला जायचं."

आबाराव म्हणाला, "मी पण येतो. ते काय कागदावर अंगठा घेतात, ते बघायला."

"या. मागच्या सीटवर बसा आन् तोंड बंद ठेवा."

पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून मी सिस्टरांच्या घरी गेले. मदर केरळची, वयानं माझ्याएवढी, चष्म्यावरून बघणारी. टेबलावर फोन, फोनवर तोच फोटो.

"हे काय आहे, बाई?"

"भंडारा. हळद."

"तुमच्या देवाची खूण?"

"हो. आन् कथा सांगणाराचा मान. आमच्याकडं कथा फुकट ऐकत न्हाईत."

मदरनं चष्मा काढला. "हळद माझ्या स्वयंपाकघरातही आहे. हळदीशी माझं भांडण नाही. पण आमचे लोक विचारतात, तुमच्या सिस्टरला त्या लोकांनी हिंदू केलं का? त्यांना समजावण्यात माझा दिवस जातो."

मी हसले. "आन् आमचे लोक विचारतात, सिस्टरनं आसराबाईला ख्रिश्चन केलं का? हे बसलेत ना, माझे दीर, हेच विचारायला आलेत. एकच फोटो, एकच चिमूट. तिकडं मी बाटले, इकडं ती बाटली. तुम्ही दोघं मिळून ठरवा, कोणी कोणाला बाटवलं, आन् मला कळवा. माझा देव घरात आहे, तिचा तिच्याजवळ आहे. ते दोघं काही बोलले न्हाईत."

मदरनं चष्मा परत लावला. मंग म्हणाली, "तुम्ही पुस्तकं खरंच ऐकलीत, की नुसती लावून ठेवली होती?"

मला राग आला. मी सगळं सांगितलं. फादरच्या पोटातलं पाप, खांद्यावरची लोकर, कोंडलेला म्हातारा. काय पटलं ते सांगितलं, काय पटलं न्हाई ते जास्त सांगितलं. "आन् मदर, राग मानू नका, पण एका खुर्चीवर एकदम तीन पोप बसले, हे काय शोभलं का? तिघंही म्हणतात, खरा मीच."

"न्हाई वैनी," मागून आवाज आला. "एकदम तीन न्हाई बसले. आधी दोन होते. ते भांडण मिटवायला बैठक बसली, आन् बैठकीनं तिसराच नेमला. पहिले दोघं काही खुर्ची सोडून उठले न्हाईत. मंग झाले तीन."



मी मान वळवली. "भावजी, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

आबाराव छताकडं बघत म्हणाला, "भिंत पातळ आहे."

"पातळ आहे, पण एवढी?"

"खाट भिंतीला लावली, की बराबर येतं ऐकू." आन् एकदा तोंड उघडलं म्हणून थांबेना. मदरकडं वळून म्हणाला, "आमच्या सोसायटीत असंच झाल्तं. दोन चेअरमन होते, तिसरा आणला समेटाला. त्यानं आधी शिक्का ताब्यात घेतला. पण तो कोंडलेला म्हातारा, त्याचं पुढं काय झालं? त्या दिवशी माझ्या बायकोनं मिक्सर लावला, ते राह्यलं."

मदर एवढी हसली, की तिला पाणी आणावं लागलं. पाणी घेऊन आली सिस्टर फिलोमिना. तिनं माझ्या पायाची पिशवी बघितली, वास घेतला, तांब्या टेबलावर ठेवला आन् कोणालाही न विचारता खाली बसली.

"आधी पाय," मदर म्हणाली. "बाकी नंतर."

पट्टी उलगडली. आबारावनं ती जखम पहिल्यांदा बघितली. माझ्या दाराशी उभं राहून एवढं बोलला, पण बघितली नव्हती. त्याचा चेहरा उतरला. सिस्टर म्हणाली, "कोणीतरी तसराळं धरा." तो उठला आन् धरलं. घाण पाणी त्यात पडत होतं, तरी त्यानं मान फिरवली न्हाई. माफी त्यानं मागितली न्हाई. आमच्या घरात पुरुषांना तो शब्द येत न्हाई. पण तसराळं त्यानं शेवटपर्यंत धरलं.

मदरनं सांगितलं, मंगळवारी सिस्टर येईल. कपाळाला काही लावायचं नाही, फोटो काढायचा नाही. मान द्यायचा तर चहा द्यावा. मी म्हणाले, "चहा तर आम्ही भांडायला आलेल्यालाही देतो, मदर. तो काय मान झाला?" तिनं विचार केला आन् म्हणाली, "मग जेवायला घाला." ठरलं.

गावात परत आल्यावर चावडीजवळ कोणीतरी आबारावला विचारलं, काय झालं त्या बाटवाबाटवीचं? तो म्हणाला, "माझी वैनी आहे. तिच्याबद्दल काय विचारायचं ते मला विचारा. आन् मला विचारू नका." तेव्हापासून गाव दुसऱ्या विषयाला लागलं.

पाय वाचला. थंडी संपता संपता जखम भरली, टाचेला नवी गुलाबी कातडी आली, लेकराच्या असते तशी. डॉक्टरनं या वेळी रामप्रसादला बाजूला न्हाई नेलं, माझ्यासमोरच सांगितलं. मी माझ्या पायानं गोठ्यापर्यंत गेले आन् शेरडाच्या पाठीवर हात ठेवून उभी राह्यले. ज्यांचे उपकार मानायचे ते मानले. खंडोबाचे, सिस्टरच्या हाताचे, शालूच्या थरथरत्या हाताचेही, आन् त्या वसईच्या घाईच्या बाईचे. तिनं मला कधी बघितलं न्हाई, पण माझ्याएवढं लक्ष देऊन तिला कोणी ऐकलं नसंल.

त्या मंगळवारी सिस्टरनं टाच दाबून बघितली, पुरणपोळी खाल्ली आन् पिशवी आवरली. "आजी, झालं. आता मला यायची गरज नाही."

मी रागावले. "म्हणजे काय, पाय बरा झाला तर माणूस सोडून द्यायचं?"

तेवढ्यात आबाराव बाही वर करत अंगणात आला. धुतलेला शर्ट, केसांना तेल.

"सिस्टर, जरा माझा बीपी बघा. डोकं गरगरून राह्यलं."

तिनं पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडं बघितलं. "बीपी तर अगदी बरोबर आहे, काका."

"आज आहे," आबाराव बाही खाली करत म्हणाला. "एका दिवसावर काय भरवसा? पुढच्या मंगळवारी परत बघावं लागंल."

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. मी शालूला सांगितलं, पुढच्या मंगळवारी पुरण जास्त शिजव.