थोरला, धाकटा आणि एकच बोर्ड

खंडेनवमीला मिरजेच्या त्या हॉस्पिटलात सलाइनच्या स्टँडलासुद्धा हार होता. तिथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रबुद्धला त्याचं काही वाटलं नाही. नेटवर्कच्या खोलीत शिरल्यावर मात्र तो दारातच थबकला. दोन्ही राउटर रॅकमधून काढून एका पाटावर मांडले होते, हळदीकुंकवासकट.

"आवं काका, ह्ये काय केलंसा?"

"लीलाबाई आत टेबलावर हाय," फौजेतून रिटायर होऊन इथं पहाऱ्यावर बसलेले हंबीरराव म्हणाले. "म्हटलं, आज यंत्रं खूश पायजेत."

लीलाबाई त्यांची बायको. डोक्यातली गाठ काढायचं काम दोन तास चाललं होतं. स्कॅनची चित्रं बघत डॉक्टर पुढं सरकत होते, आणि ती चित्रं पलीकडच्या इमारतीतून ह्याच राउटरमधून जात होती. दोन्ही राउटरांना मिळून पत्ता एकच. त्यांतला थोरला काम करी आणि दर सेकंदाला धाकट्याला 'मी हाय' कळवी. तीन हाका चुकल्या, की धाकटा तोच पत्ता घेऊन उभा राही. कॉम्प्युटरांना काही कळत नसे.

"एकेक करून हलवलं की रं. कुटं काय बंद पडलं?"

"आता दोघंबी एकाच प्लगच्या बोर्डावर हायती. बोर्ड गेला तर कोन कुनाच्या जागी उभा राहनार?"

हंबीररावांनी खाली बघितलं. झेंडूच्या हारातून थोरल्यावर आणि बोर्डात पाणी ठिबकत होतं. बोर्ड भजी सोडल्यासारखा चुरचुरला.

प्रबुद्धनं हार बाजूला फेकला, धाकट्याची वायर उपटून भिंतीच्या प्लगला लावली. त्याला जागं व्हायला चार मिनिटं लागत. तेवढा वेळ थोरला एकटा.

फोन वाजला. थिएटरमधली नर्स, पल्लवी. "स्क्रीन जाऊ देऊ नका. डॉक्टर शिरेपाशी आलेत."

"फोन चालूच ठेवा, ताई."

दुसऱ्या मिनिटाला धूर निघाला. हंबीरराव सावधानमध्ये उभे होते. "फुंकू काय?"

"हात मागं, काका."

चौथ्या मिनिटाला धाकट्याचा दिवा हिरवा झाला, आणि इकडं फट्ट आवाज झाला. बोर्ड गेला. थोरला विझला.

एक. दोन. तीन.

"ताई, चित्र?"

प्रबुद्धनं फोन कानावर दाबला. हंबीररावांचे ओठ पांढरे पडले.

"जरा अडकलं होतं," पल्लवी म्हणाली. "सरकतंय आता. डॉक्टर शीर ओलांडून गेले."

हंबीररावांनी भिंतीला पाठ टेकली. "आता धाकट्याच्या मागं कोन?"

"थोरला वाळंस्तवर कोन न्हाई."

त्यांनी स्टूल ओढून दारात आडवं टाकलं आणि वर बसले. थोड्या वेळानं हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर नारळ, उदबत्ती घेऊन आले.

"सायेब," हंबीरराव न उठता म्हणाले, "आत पूजा बंद हाय."