गोधडीच्या पिशवीतला लॅपटॉप

मित्रांनो, डावी बिजागरी ढिली झालेला आणि एक बटण कायमचं गळालेला मी एक जुना लॅपटॉप आहे. पाथर्डी तालुक्यातल्या एका घरात, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीशेजारी, भिंतीतल्या कोनाड्यात माझा मुक्काम असतो. अंगावर चार पदरी गोधडीची पिशवी आहे. माझ्यावर जे गुदरलं ते या पिशवीपायीच. पण तिच्याइतकं मऊ मला आजवर दुसरं काही लागलेलं नाही. म्हणून तिच्यावर माझा राग नाही. या घरात दिवसदिवसभर कुणी बोलत नाही, तेव्हा आज जरा मीच बोलतो.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटावरच्या स्टिकरवर लिहिलं होतं. तो स्टिकर घासून गेला आणि माझं मूळ गावही त्याच्याबरोबर गेलं. मला आठवतं ते नगरचं दुकान. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. त्या दुकानाच्या फळीवर माझ्या डाव्या हाताला गेम खेळण्यासाठी बनवलेले लठ्ठ लॅपटॉप होते. त्यांच्या बटणांखालून लाल-निळे दिवे पेटत. उजव्या हाताला सडपातळ, देखणे लॅपटॉप होते. मी दोघांच्या मधला. अंगानं बारीक, पण पोटात गेमचं कार्ड. गेम खेळणारी पोरं मला उचलत आणि म्हणत, "याला काय झेपणार?" ऑफिसवाले म्हणत, "आम्हाला ते कार्ड कशाला?" असे आठ महिने गेले. दुकानातली मोनिका रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं माझी धूळ पुसायची, तेवढाच काय तो माणसाचा हात.

मग दसऱ्याच्या आठवड्यात तिघं जण आले. श्रीमंत नावाचे गृहस्थ, त्यांची बायको लंकाबाई आणि मुलगी पंकजा. नवरा-बायकोनं चपला बाहेर काढल्या. मोनिका म्हणाली, "असू द्या हो, आत घालून या." तरी त्यांनी काढल्याच.

पंकजा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिनं कागदावर लिहून आणलं होतं. "रोज गावाहून एसटीनं येते-जाते, त्यामुळे हलका पाहिजे. पण गेमपण चालला पाहिजे."

श्रीमंत चमकले. "गेम? खेळायला घ्यायचाय व्हय गं?"

"खेळायला न्हाई दादा. बनवायला."

लंकाबाईंनी फळीवरचा पहिला लठ्ठ लॅपटॉप सरळ उचलला आणि तळहातावर खालीवर केला. ही दोघं दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. आयुष्यभर उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिलेल्या. लंकाबाईंचा हात म्हणजे काटाच होता.

"ह्यो अडीच किलो," त्या म्हणाल्या. मोनिकानं माहितीच्या चिठ्ठीवर पाहिलं. अडीचच होता.

"आता ह्याची वायर द्या."

"वायर कशाला मावशी? वजन लॅपटॉपचं बघतात."

"कामून? मोळी बांधासकट तोलत्यात. पोरगी वायर काय दुकानात ठिवून जानार हाय?"

मोनिका हसायला लागली, पण तिनं चार्जरही काढून दिला. त्या लठ्ठ लॅपटॉपचा चार्जर म्हणजे चांगली वीटच होती. दोन्ही मिळून वजन सव्वातीन किलोच्या पुढे गेलं. मग लंकाबाईंनी मला उचललं. माझा चार्जर साबणाच्या वडीएवढा. त्यांनी एकदा मला डाव्या हातात घेतलं, एकदा उजव्या, मग पंकजाच्या खांद्याकडे पाहिलं. "ह्योच," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आठ महिने मी ज्या मधलेपणामुळे पडून होतो, त्याच मधलेपणासाठी मला एका बाईनं निवडलं. त्या दिवशी मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. फार बरं वाटलं.

खोक्यात घालताना मोनिकानं पंकजाला बजावलं, "गेमच्या कामाला हा तापतो. खालून हवा लागते. गादीवर, गोधडीवर ठेवू नकोस." त्या वेळी लंकाबाई बाहेर चपला शोधत होत्या. घरी आल्यावर त्यांनी आपलं जुनं हिरवं लुगडं फाडलं आणि दोन दिवस बसून माझ्यासाठी चार पदरांची पिशवी शिवली, वर ओढायला नाडी. "घाटात लई आदळतंय, पोराला मार नगं लागाय," असं त्या मला उद्देशून म्हणाल्या. मला पोर म्हणणारं ते पहिलंच माणूस.

दिवाळी झाली आणि गाव रिकामं होऊ लागलं. ट्रॅक्टर यायचे, त्यात भांडी, सरपण, लहान मुलं, शेळ्या चढायच्या आणि दाराला कुलूप लागायचं. आठ दिवसांत आमच्या आळीतल्या एकवीस घरांपैकी सतरा बंद झाली. श्रीमंत आणि लंकाबाईही आपल्या टोळीबरोबर बेलापूरकडे ऊसतोडीला गेले. पंकजा एकटी राहिली. सोबतीला शेजारच्या मुक्ताबाई झोपायला यायच्या, पण त्यांना ऐकू कमी यायचं. पंकजा सकाळी मला पाठीवर टाकून करंजी घाटानं नगरला जायची, संध्याकाळी यायची आणि कुलपांच्या रांगेतून चालत घर गाठायची. दर हिवाळ्यात असं एकटं राहणं ती पाचवीत असल्यापासून चाललं होतं. फरक इतकाच की आता पाठीवर मी होतो.

ती काय बनवत होती ते मला आतून दिसायचं. ती आपलं गाव बनवत होती. तीच आळी, तीच सतरा कुलपं. खेळणाऱ्यानं दारोदार फिरायचं आणि कड्या वाजवायच्या. कडी वाजली की कुलूप गळून पडायचं, आत दिवा लागायचा आणि त्या घरातलं माणूस बोलायचं. एवढाच गेम. बंदूक नाही, गाड्यांची शर्यत नाही. सतरा कुलपांनंतर मुक्ताबाईंचं दार, आणि शेवटचं तिचं स्वतःचं.

आवाज खरे होते. गाव निघण्याआधी ती मला कडेवर घेतल्यासारखी घेऊन घरोघरी हिंडली होती. "दार उघडल्यावर जे बोलता तेच बोला," असं सांगायची. आळीतले काकासाहेब ओरडले, "कोन हाय? कडी जोरात वाजीव की!" मुक्ताबाई म्हणाल्या, "आलीस गं माय? ये, बस." श्रीमंत माझ्यासमोर आले, लाजले आणि नुसते खाकरले. पंकजानं तेच ठेवलं. लंकाबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पंके, भाकर झाकून ठिवलीय, खाऊन घे. मी येतेच." तेही तसंच ठेवलं. ऊसतोडीला गेलेली आई त्या हिवाळ्यात माझ्या आतून रोज दहा-वीस वेळा 'मी येतेच' म्हणायची. पंकजाला ते पुनःपुन्हा तपासावं लागायचं, असं ती म्हणायची. मला माहीत आहे, तपासण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

जानेवारीत परीक्षा संपली आणि पंकजा मला घेऊन आठ दिवस आईवडिलांकडे, ऊसतोड मजुरांच्या तळावर गेली. बेलापूरच्या बाहेर उसाच्या पाचटाच्या झोपड्या, त्यांना कोप्या म्हणतात, चुलींचा धूर, सगळीकडे काळी काजळी. शेजारच्या पंक्चरवाल्यानं विजेची वायर ओढून दिली होती. पंधरवड्यानं कॉलेजात प्रदर्शन होतं. आता सगळ्या गावाचा उजेड-सावली एकत्र बसवण्याचं काम उरलं होतं आणि ते मला सलग चार तास करायचं होतं. काजळी आत जाऊ नये म्हणून पंकजानं माझं झाकण लावलं, पण झाकण लावलं तरी झोपायचं नाही असं मला सांगून ठेवलं. मला एका उलट्या घमेल्यावर ठेवून ती श्रीमंतांबरोबर उसाच्या फडावर गेली.

लंकाबाई त्या दिवशी स्वयंपाकाला लवकर आल्या. कोपीत शिरल्या तर मी एकटा, अंगावर काजळी, आणि माझा पंखा जिवाच्या आकांतानं घरघरतोय. त्या जवळ बसल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला. "लई धापा टाकायलास रं. दमलास व्हय? नीज जरा." त्यांनी पदरानं माझी काजळी पुसली, मला हिरव्या पिशवीत घातलं, वायर तेवढी बाहेर ठेवून नाडी ओढली, वरून आणखी एक गोधडी पांघरली आणि त्या पिठाकडे वळल्या.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. इतक्या मायेनं मला कुणी कधी निजवलं नव्हतं आणि त्याच मायेखाली मी आतून भाजून निघत होतो. सतरावं दार उजळत होतं तेव्हा माझं गेमचं कार्ड गेलं. माझ्या आत सगळं काळं झालं.

पंकजा आली. पिशवीला हात लावताच तिला चटका बसला. तिनं मला बाहेर काढलं, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. लंकाबाई पिठाचे हात तसेच धरून उभ्या होत्या. "निजवलं गं त्याला. लई घरघर करत हुता."

"खालून हवा लागते त्याला! तुला काय कळतंय यातलं?"

लंकाबाई म्हणाल्या, "खरं हाय," आणि खाली बसून भाकरी थापायला लागल्या. पंकजानं तो शब्द त्याच क्षणी परत घ्यायला हवा होता. तिनं घेतला नाही, आणि मग राहूनच गेला.

नगरला मोनिकानं मला उघडलं. गेमचं कार्ड मेलं होतं, पण गाव शाबूत होतं. साध्या कामापुरता मीही उठलो. गाव कॉलेजच्या कॉम्प्युटरवर गेलं, प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून कड्या वाजवल्या, पहिला नंबर आला. पुढे त्यावरच पंकजाला पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. तिथं तिला नवा लॅपटॉप मिळाला आणि माझी रवानगी या कोनाड्यात झाली. दर दिवाळीला ती नव्या लॅपटॉपवर गेम उघडायची. "आई, बघ ना." लंकाबाई हसून उठायच्या. "मला काय कळतंय त्यातलं." बोलण्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर पंकजाला भांडता तरी आलं असतं.

यंदा लंकाबाईंची कंबर गेली. ऊसतोडीत दोघांच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात, एकट्याला घेत नाहीत. श्रीमंत या खेपेला पुतण्याबरोबर गेले. मुक्ताबाई गेल्या श्रावणात वारल्या. आळीत सतरा कुलपं आणि अठरावं मुक्ताबाईंचं. लंकाबाई एकट्या. संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा. "जेवलीस?" "जेवले. तू?" "जेवले." आणि फोन बंद. मी कोनाड्यातून ऐकायचो. दोघींना एकमेकींशी खूप बोलायचं असायचं आणि दोघी जेवणापाशीच थांबायच्या.

गेल्या रविवारी लंकाबाईंनी मला पिशवीतून बाहेर काढलं. पुसलं. फोन लावला आणि शेजारी ठेवला. "पंके, त्यो तुझा जुना लॅपटॉप कसा चालू करत्यात?"

"का गं? काय झालं?"

"काय न्हाई. दोन विटा ठिवल्यात त्याच्या खाली. खालून हवा लागंल."

पंकजा हळू म्हणाली, "वर उजवीकडं बारीक बटण हाय बघ."

मी उठलो. आठ मिनिटं लागली, पण उठलो. गाव मला दाखवता आलं नाही, त्याचं कार्ड माझ्याकडे नाही. पण 'आवाज' नावाचा कप्पा होता. लंकाबाईंनी अक्षर अक्षर लावून वाचलं आणि दोनदा दाबलं. काकासाहेब ओरडले. लंकाबाई हसल्या. श्रीमंत खाकरले. "ह्येंचं हे आसंच," त्या म्हणाल्या. मुक्ताबाई म्हणाल्या, "आलीस गं माय? ये, बस." लंकाबाई खरोखरच भिंतीला टेकून खाली बसल्या.

मग त्यांचा स्वतःचा आवाज आला. पंके, भाकर झाकून ठिवलीय, खाऊन घे. मी येतेच.

त्यांनी तो पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. बाहेर आळीत एक शेळीसुद्धा ओरडत नव्हती.

"पंके."

"हां आई."

"एवढंच बोलले व्हते व्हय मी? आन तू एवढ्यावर सा-सा महिने काढायचीस?"

पंकजाला रडू आलं. "आई, त्या दिवशी कोपीत मी..."

"जाऊ दे गं. मलाबी कुठं कळत हुतं." लंकाबाई माझ्या पडद्याकडे बघत राहिल्या. "पर ह्याच्यात समद्यांचा आवाज हाय. तुझाच न्हाई. मला लावायचा झाला तर मी काय लावू?"

मित्रांनो, लॅपटॉप घ्याल तेव्हा तो चार्जरसकट तोला. त्याला गोधडीवर ठेवू नका, खालून हवा लागू द्या. एवढं तर दुकानातही सांगतील. मी कोनाड्यातून एवढंच सांगेन की माया करताना ज्याच्यावर करता त्याला काय हवं ते एकदा विचारा, आणि रागानं बोललेला शब्द त्याच दिवशी परत घ्या. आम्हा यंत्रांचं एक कार्ड जळलं तरी बाकीचं चालतं. माणसांचं तसं चालताना मला दिसलं नाही.

आज शुक्रवार आहे. पंकजा उद्या सकाळच्या गाडीनं येणार आहे, माझ्यात आपला आवाज भरायला. लंकाबाईंनी आजच मला दोन विटांवर ठेवून चार्जर लावला आहे आणि मघापासून दोनदा खाली वाकून वारा लागतोय का ते पाहिलं आहे.