जांभळे खांब

घटस्फोट घेऊन नोरीन न्यू जर्सीहून टेक्सासला आली. घरं-जमिनी विकायच्या परवान्याची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाली आणि बाईला वाटलं, टेक्सास आपल्याला कळलं. कळलं डोंबल!

पहिलंच गिऱ्हाईक ड्वेन, मिशिगनचा निवृत्त ट्रकवाला. त्याला मासे धरायला ओढा हवा होता. ओढा होता विकाऊ जमिनीच्या कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या रानात. नोरीनला हे पक्कं ठाऊक होतं, पण पहिला व्यवहार हातचा सोडवेना.

"नुसतं बघायला काय जातंय?" म्हणत तिने तार वाकवली. काखेत विक्रीच्या पाटीचा लोखंडी गज तसाच होता.

"खांबांना जांभळा रंग कशाला हो?" ड्वेनने विचारलं.

"शोभेला! शेजारी हौशी दिसतोय."

इथलं शेंबडं पोरही सांगेल, जांभळा खांब म्हणजे आत पाय टाकायचा नाही. या शहाणीला कोण सांगणार?

ओढ्याकाठच्या झुडपांत ते शिरले आणि बार झाला. ड्वेनची मांडी फाटली, तो किंचाळत कोसळला. रक्त असं उसळलं की नोरीनचे हात कोपरापर्यंत माखले. तिच्या कानात नुसता घंटानाद चालला होता.

पलीकडून एक थोराड म्हातारा धावत आला. हातातली बंदूक त्याने भिरकावली, काहीतरी ओरडत कमरेचा पट्टा खसकन ओढून काढला.

नोरीनचा नवरा असाच यायचा, पट्टा काढत. आठ वर्षं तिने मार खाल्ला होता. आता बास! तिने गज दोन्ही हातांनी उचलला आणि म्हाताऱ्याच्या कपाळात घातला. तो गुडघ्यावर आला. तिने परत घातला. कवटी फुटल्याचं हाताला कळलं, तरी ती मारतच राहिली.

"अहो बाई, थांबा!" ड्वेनचा आवाज कुठून तरी आत शिरला. "घसा फोडून सांगतोय मी! रानडुकरं समजून बार टाकला म्हणत होता तो. माझा पाय बांधायला येत होता!"

गज गळून पडला. नोरीनने म्हाताऱ्याच्या मुठीतून पट्टा सोडवला. बोटं अजून ऊन होती. तिने तो ड्वेनच्या मांडीवर दात खाऊन आवळला.

रक्त थांबलं. ड्वेन वाचणार होता. "आता त्याला बघा," तो हळूच म्हणाला.

तिची मान काही वळली नाही.